फ्लॉपी ड्राईव्हचा बादशहा ॲलन शुगार्ट: ज्याला स्वतःच उभ्या केलेल्या दोन कंपन्या सोडाव्या लागल्या!

'सेव्ह' करताना आपण ज्या चौकोनी चिन्हावर क्लिक करतो, ती फ्लॉपी. तिच्या ड्राईव्हशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, तो माणूस म्हणजे ॲलन शुगार्ट.

१९३० साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले शुगार्ट १९५१ मध्ये पदवी घेऊन लगेच आयबीएममध्ये लागले, तेही मशीन दुरुस्त करणारे इंजिनियर म्हणून! पुढे ते डिस्क विभागाचे प्रमुख झाले. वीज गेली की मोठ्या कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या सूचना पुसल्या जायच्या. त्या पुन्हा भरायला स्वस्त साधन हवं होतं. त्यांच्या विभागात डेव्हिड नोबल यांनी या कामाला हात घातला आणि १९७१ मध्ये ८ इंची फ्लॉपी बाजारात आली. क्षमता जेमतेम ८० केबी आणि ड्राईव्ह फक्त वाचणारा.

तोवर शुगार्ट मेमोरेक्समध्ये गेले होते. तिथे १९७२ मध्ये लिहिता-वाचता येणारा ड्राईव्ह आला. १९७३ मध्ये त्यांनी 'शुगार्ट असोसिएट्स' काढली, पण पुढच्याच वर्षी त्यांना बाहेर पडावं लागलं. त्यानंतर काही काळ त्यांनी चक्क मासेमारी केली!

नाव राहिलं, माणूस गेला

१९७६ मध्ये याच कंपनीने सव्वापाच इंची ड्राईव्ह आणला, एसए-४००. आधीच्या ८ इंची ड्राईव्हची मोटर घरातल्या विजेवर चालायची, डिस्क मिनिटाला ३६० फेरे घ्यायची आणि केबलला ५० पिना असायच्या. नव्या ड्राईव्हला १२ आणि ५ व्होल्ट पुरायचे, फेरे ३०० आणि पिना ३४.

पुढे क्षमता वाढत गेली, तसा ड्राईव्हही बदलला. ३६० केबीच्या ड्राईव्हमध्ये डिस्कच्या प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक, तर १.२ एमबीच्या ड्राईव्हमध्ये ८०. त्यामुळे त्याचं हेड अरुंद आणि फेरे पुन्हा ३६०. म्हणूनच जुन्या फ्लॉपीवर नव्या ड्राईव्हने लिहिलं, की जुना ड्राईव्ह ते वाचताना अनेकदा अडखळायचा. साडेतीन इंची १.४४ एमबीपर्यंत सगळं बदललं, पण ३४ पिनांची ती जोडणी टिकली. तिला आजही 'शुगार्ट इंटरफेस' म्हणतात.

पुन्हा शून्यातून

१९७९ मध्ये शुगार्ट यांनी फिनिस कॉनर यांच्यासोबत नवी कंपनी काढली, तीच आजची सीगेट. १९८० मध्ये तिने सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राईव्हच्या जागेत बसणारी ५ एमबीची हार्ड डिस्क आणली. फ्लॉपीला मागे टाकणारी वस्तूही त्यांच्याच हातून आली! सीगेट मोठी झाली, पण १९९८ मध्ये संचालक मंडळाने त्यांना तिथूनही दूर केलं.

१२ डिसेंबर २००६ रोजी त्यांचं निधन झालं. कंपन्यांनी त्यांना बाहेर काढलं, पण जगभरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या केबलमधून त्यांचं नाव कुणालाच काढता आलं नाही!