नान्सेन, डांबर आणि न घसरणारा बर्फ

बर्फ निसरडा असतो, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण पारा उणे तीसच्या खाली गेला की हाच बर्फ वाळूसारखा वागू लागतो. त्यावर ओढलेली घसरगाडी जागची हलत नाही, पायातल्या स्की अडकल्यासारख्या होतात. फ्रित्यॉफ नान्सेनने हे अंगमेहनतीने अनुभवलं आणि त्याचं मोजमापही घेतलं, कारण मुळात तो शास्त्रज्ञ होता.

त्याचा जन्म 10 ऑक्टोबर 1861 रोजी नॉर्वेत, ख्रिस्तियानियाजवळ (आजचं ओस्लो) झाला. लहानपणापासून पायात स्की. प्राणिशास्त्र शिकत असताना 1882 मध्ये सीलची शिकार करणाऱ्या जहाजावर तो आर्क्टिकला गेला, आणि परतल्यावर बर्गेनच्या संग्रहालयात नोकरीला लागला. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या वर्गातल्या सागरी प्राण्यांची मज्जासंस्था तपासत बसणं हे त्याचं काम. चेतापेशी एकमेकींत मिसळून एकसंध जाळं बनवत नाहीत, त्या वेगवेगळ्या असतात, या तेव्हा नव्या असलेल्या मताच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पहिल्या काही संशोधकांत त्याचं नाव घेतलं जातं. 1888 च्या एप्रिलअखेरीस त्याने डॉक्टरेटचा प्रबंध मांडला आणि अवघ्या काही दिवसांत ग्रीनलँडच्या वाटेला लागला. परीक्षकांनी काय ठरवलं, हे ऐकायला फार वेळ थांबण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

ग्रीनलँडचं हिमपठार तोवर कुणी आरपार ओलांडलं नव्हतं. नान्सेनने निर्जन पूर्व किनाऱ्याकडून वस्ती असलेल्या पश्चिमेकडे जायचं ठरवलं. म्हणजे मागे फिरायची सोयच नाही. बरोबर पाच माणसं, त्यांत सामुएल बाल्टो आणि ओले राव्हना हे दोन सामी. अशा प्रवासात स्की बिघडणं म्हणजे गंमत बिघडणं नव्हे, जीव धोक्यात येणं. म्हणून त्याने पायाखालच्या फळ्यांची तयारी प्रयोगशाळेतल्या उपकरणांसारखी केली. नऊ जोड्या घेतल्या, दोन ओकच्या, बाकी बर्चच्या. बर्चच्या स्कींना खालून पोलादाचा पातळ पत्रा ठोकला. ओल्या, खरखरीत बर्फावर लाकूड झिजू नये, त्याला बर्फ चिकटू नये म्हणून. पण नुसत्या पत्र्यावर चढावर पाय मागे घसरणार. म्हणून पाऊल येतं तिथे पत्र्यात फट ठेवून मूस हरणाच्या केसाळ कातड्याची पट्टी बसवली. केस मागच्या दिशेला वळलेले, त्यामुळे पुढे सरकताना अडथळा नाही आणि मागे घसरताना पकड.

प्रत्यक्षात ज्या ओल्या बर्फासाठी हे पत्रे होते, तो पठारावर फारसा भेटलाच नाही. तिथे होता कोरडा, वाऱ्याने दळलेला चूर्णासारखा बर्फ आणि उणे 45 अंशांपर्यंत उतरणारी थंडी. बरोबरच्या वाळवलेल्या मांसात चरबीच नव्हती. पोट भरूनही भूक भागेना, माणसं लोण्यासाठी तळमळू लागली. चारी बाजूंना गोठलेलं पाणी, पण ते वितळवायला इंधन मोजकं, त्यामुळे घसा कोरडा. तरीही 3 ऑक्टोबर 1888 रोजी ते पश्चिम किनाऱ्यावरच्या गोडथाबला पोहोचले. 1890 मध्ये या प्रवासाचं पुस्तक आलं आणि नॉर्वेबाहेरच्या युरोपात स्कीचं वेड पसरायला त्याने मोठा हातभार लावला.

पुढची मोहीम उत्तर ध्रुवाकडची. ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात गोठवून प्रवाहाबरोबर वाहत जायचं, अशी ती कल्पना. 14 मार्च 1895 रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सन जहाज सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्यांसह उत्तरेला निघाले. गाड्यांच्या खालच्या पट्ट्यांना जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूचा गुळगुळीत पत्रा होता, आणि त्यावरून चढवता येतील अशा मेपलच्या डांबर लावलेल्या पट्ट्याही होत्या. कडाक्याच्या थंडीत दोन्हींची तुलना करता नान्सेनला दिसलं की चकचकीत धातूवर गाडी ओढायला डांबरी लाकडापेक्षा दीडपट तरी जोर लागतो. दिसायला उलटंच. गुळगुळीत धातू अडतो आणि काळंकुट्ट लाकूड सरकतं!

याचा उलगडा नंतर झाला. 1939 मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी घर्षणाचे प्रयोग करून दाखवलं की, घसरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते, तिने बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो आणि ते पाणी वंगणासारखं काम करतं. धातू ही उष्णता झटकन शोषून दूर नेतो, लाकूड ती जागेवरच राहू देतं. थंडी जितकी जास्त, तितका हा फरक मोठा. डांबराचं काम वेगळं. पाइनच्या लाकडातून काढलेलं हे डांबर गरम करून मुरवलं की लाकूड पाणी पीत नाही आणि बर्फ धरून ठेवत नाही. आज फळीच्या जागी पॉलिथिलीनचा तळ आला, डांबराच्या जागी इस्त्रीने वितळवून मुरवायचं मेण आलं, पण बर्फाच्या तापमानानुसार मेण निवडायचं हे सूत्र तेच आहे. मध्यंतरी फ्लोरिनयुक्त मेणाची चलती होती. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, मेण लावणाऱ्यांच्या फुफ्फुसांतही जातात. 2023-24 च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांवर बंदी आहे.

नान्सेन आणि योहान्सन 86 अंश 14 मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत गेले, मागे फिरले, फ्रान्झ जोसेफ बेटांवर दगड आणि वॉलरसच्या कातड्यांच्या झोपडीत हिवाळा काढला आणि 1896 च्या उन्हाळ्यात घरी परतले. पुढे तो समुद्रविज्ञानात रमला. नंतर रशियातले दुष्काळग्रस्त आणि देश गमावलेले निर्वासित यांच्यासाठी झटला. निर्वासितांना मिळालेलं ‘नान्सेन पासपोर्ट’ हे ओळखपत्र त्याच्याच नावाचं. 1922 मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं.

स्की मात्र सुटली नाही. 1930 च्या सुरुवातीला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तो डोंगरात स्कीवर गेला. या वेळी तो लवकर दमतोय, हे सोबत्यांच्या लक्षात आलं. परतल्यावर फ्लू झाला, मग शिरेला सूज आली. 13 मे 1930 रोजी लुसाकरच्या घरी हृदयविकाराने त्याचं निधन झालं.