डॉ. सलीम अली : पक्ष्यापासून पाणथळीपर्यंत

परिसंस्था ही संकल्पना आपण मागील घटकात पाहिली. सजीव, त्यांचे परस्परसंबंध आणि त्यांना धारण करणारे निर्जीव घटक यांचे मिळून जे जाळे तयार होते, त्याला परिसंस्था म्हणतात, ही व्याख्या पाठ करणे सोपे आहे. तिचा प्रत्यय येणे मात्र कठीण असते. या घटकात आपण अशा एका मोठ्या निसर्गअभ्यासकाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याला हा प्रत्यय आयुष्यभर थोडा थोडा येत गेला. त्याच्या मताविरुद्ध जाणारा या प्रत्ययाचा शेवटचा भाग मात्र त्याच्या मृत्यूनंतर जगासमोर आला. डॉ. सलीम अलींकडे आपण सहसा ‘पक्षितज्ज्ञ’ म्हणून पाहतो. येथे त्यांच्याकडे अधिवासाचे निरीक्षक म्हणून पाहावयाचे आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वडील ते वर्षाचे असताना गेले आणि आई ते तीन वर्षांचे असताना. भावंडांमध्ये सर्वांत धाकट्या असलेल्या या पोरक्या मुलाचा सांभाळ खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी केला. तय्यबजी घराणे सुशिक्षित, सार्वजनिक कार्यात वावरणारे होते. शिकारीची हौसही घरात होती. मुलाच्या हाती खेळण्यातली छऱ्याची बंदूक आली आणि तो चिमण्या टिपू लागला.

या बालवयातील दोन प्रसंग चरित्रकार नेहमी सांगतात. त्यांपैकी पहिला सर्वश्रुत आहे. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे मामांना सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद असल्याने त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी तो पक्षी ओळखला, संग्रहातील पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली आणि वाचायला पुस्तके दिली. एका अनोळखी मुलासाठी एका व्यग्र माणसाने काढलेला तो वेळ भारतीय पक्षिशास्त्राला फार लाभदायक ठरला.

दुसरा प्रसंग तुलनेने कमी सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. दहा-अकरा वर्षांच्या सलीमने तबेल्याच्या भिंतीतील चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली. घरट्यापाशी राखण करणारा नर त्याने टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर झाला. तोही टिपला, तर तिसरा आला. आठवडाभरात असे आठ नर पडले आणि प्रत्येक वेळी रिकामी जागा भरली गेली. मुलाने ही नोंद लिहून ठेवली, ती बहुधा आपल्या नेमबाजीच्या अभिमानापोटी. परंतु त्या नोंदीत नकळत एक प्रश्न उतरला होता : घरट्याची जागा आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या पक्ष्यांची संख्या यांचे नाते काय? पुढे अनेक दशकांनी, नामवंत शास्त्रज्ञ झाल्यावर, त्यांनी ही नोंद जशीच्या तशी प्रसिद्ध केली.

महाविद्यालयीन शिक्षणात सलीम रमले नाहीत. ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाण आणि इमारती लाकडाच्या व्यवसायात गेले. तेथील जंगलांनी त्यांना व्यवसायापेक्षा अधिक काही दिले, पण धंदा जमला नाही. मुंबईस परतून त्यांनी व्यापारी कायदा व हिशेबशास्त्राबरोबर सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने शासकीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेत त्यांना पक्षितज्ज्ञाची जागा मिळू शकली नाही. पदवीचा कागद आणि ज्ञान यांच्यातील अंतर मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे प्रामुख्याने कातडी जमवणे, चोच-पंख मोजणे आणि जाती-उपजाती ठरवणे असे समीकरण होते. जिवंत पक्षी काय खातो, कोठे राहतो, कसा जगतो, हे प्रश्न शास्त्राचे मानणारी नवी दृष्टी त्यांना तेथे लाभली. १९३० मध्ये परत आल्यावर पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली.

मुंबईत बेकार राहणे परवडणारे नव्हते. पतिपत्नींनी अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी मुक्काम हलवला. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली आडोसा करून तासन् तास तिच्यासमोर बसू लागले. पावसाळ्याच्या त्या महिन्यांत त्यांनी जे पाहिले, ते तोवर कोणी नीट नोंदवले नव्हते. घरटे विणतो तो नर. अर्धवट विणलेल्या खोप्यांची पाहणी करायला माद्या येतात. एखादीला खोपा पसंत पडला की ती तेथे ठाण मांडते, मग नर नळीसारखे प्रवेशद्वार पुरे करतो. मादी अंडी उबवू लागते आणि नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. मराठी मनाला सुगरण बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेतून परिचित आहे आणि तेथील कष्टाळू आई आपल्याला प्रिय आहे. कवितेचे सत्य वेगळे आणि निरीक्षणाचे वेगळे. दोन्हींना आपापल्या जागी मान द्यावा.

कोकणातील याच काळात त्यांनी आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचाही अभ्यास केला. आपल्याकडे बांडगूळ हा शब्द शिवीसारखा वापरतात. सलीम अलींनी त्याच्याभोवतीचे व्यवहार पाहिले. लांबट फुलांतील मध पिण्यासाठी शिंजीर येतात आणि जाताना परागकण पुढच्या फुलाकडे नेतात. फळे पिकली की इवलासा फुलटोचा ती खातो. बी चिकट असते. पक्ष्याच्या पोटातून बाहेर पडताना ते फांदीला चिकटते आणि तेथेच रुजते. आंबा, बांडगूळ, शिंजीर आणि फुलटोचा असे चार जीव एका धाग्यात गुंतलेले असतात. त्यांपैकी एकाला वगळून दुसऱ्याचे वर्णन पुरे होत नाही. परिसंस्था म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एखाद्या आमराईत सकाळचे दोन तास असे बसून पाहावे.

यानंतर संस्थानी मुलखातील पक्षी-सर्वेक्षणांचे पर्व सुरू झाले. हैदराबादपासून सुरुवात झाली. पुढे त्रावणकोर-कोचीन आणि मध्य भारतातील संस्थाने आली. सलीम अलींनी वेतनाचा आग्रह धरला नाही. खर्च निघाला की पुरे. तंबू, बैलगाडी, मोजके साहाय्यक आणि बरोबर तेहमिना असा हा संसार असे. इंग्लंडमध्ये शिकलेल्या, सुखवस्तू घरातील या स्त्रीने जंगलातील मुक्काम आनंदाने स्वीकारला. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली बहिणीच्या कुटुंबात राहू लागले आणि कामात अधिकच बुडून गेले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पक्षिनिरीक्षण हा साहेबांचा छंद न राहता शाळामास्तर, कारकून, डॉक्टर यांच्याही आवाक्यात आला. डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. या प्रचंड कामाविषयी येथे एवढेच. राष्ट्रीय पक्ष्याच्या निवडीचा प्रसंग मात्र सांगायला हवा. सलीम अलींचा आग्रह माळढोकासाठी होता. निवड मोराची झाली. मोर देखणा, सर्वपरिचित आणि गावाच्या आसऱ्यानेही राहणारा. माळढोकाला मात्र मोकळा गवताळ माळ लागतो आणि आपल्या महसुली भाषेत अशा जमिनीला पडीक म्हणतात. तो मान माळढोकाला मिळता, तर कदाचित माळरान हाही एक जिवंत अधिवास आहे, याकडे देशाचे लक्ष लवकर गेले असते. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळ पाहिलेल्या वाचकाला हे पटावे.

आता भरतपूर. राजस्थानातील हे पाणथळ क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. पावसाळ्यात अजान बांधाचे पाणी उथळ खोलगटांत सोडले जाते. बाभळींवर करकोचे, बगळे, पाणकावळे यांच्या वसाहती भरतात आणि हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो बदके उतरतात. संस्थानिकांनी हे क्षेत्र शिकारीसाठी जोपासले होते. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले, असा आकडा तेथील शिळेवर कोरलेला आहे. म्हणजे हा ‘नैसर्गिक’ अधिवास मुळात माणसाने पाणी अडवून घडवलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीला द्यावे आणि दलदल लागवडीखाली आणावी, अशी मागणी झाली. देश अन्नटंचाईत होता, त्यामुळे मागणी अवाजवी म्हणता येत नाही. सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत आपले म्हणणे पोहोचवले आणि भरतपूर वाचले. १९५६ मध्ये ते अभयारण्य झाले, जरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकून होता. येथेच सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास केला. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडांना व माणसांना झालेल्या तापाचा विषाणू पक्ष्यांबरोबर आला असावा काय, या शंकेमुळे त्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य लाभले होते. भरतपुरात कडी घातलेली बदके पुढे सायबेरिया व मध्य आशियात सापडली आणि एका तळ्याचे रक्षण हा अनेक देशांचा प्रश्न असतो, हे सिद्ध झाले.

सलीम अलींचा शब्द आता दिल्लीत ऐकला जात होता. केरळातील सायलेंट व्हॅलीत कुंतिपुळा नदीवर होऊ घातलेल्या जलविद्युत प्रकल्पाला त्यांनी विरोध केला. मोठ्या लोकचळवळीनंतर तो रद्द झाला आणि १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९७६ मध्ये मिळालेल्या गेटी पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीस दिली.

भरतपूरभोवतीच्या गावांतील म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. गुरांमुळे अधिवासाचा ऱ्हास होतो, ती बाहेर ठेवावीत, असे सलीम अलींचे ठाम मत होते आणि त्या काळच्या बहुतेक संवर्धकांचेही तेच होते. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकऱ्यांना पर्याय दिला गेला नव्हता. संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मृत्युमुखी पडले. ज्या पाण्यावर राजेरजवाड्यांना दहा वर्षांपूर्वीपर्यंत बंदूक चालवता येत होती, तेथे म्हैस नेण्यावरून माणसे मेली.

सोसायटीने भरतपूरच्या परिसंस्थेचा दीर्घ अभ्यास १९८० मध्येच हाती घेतला होता. पाण्याची खोली, गवत, मासे, कीटक, पक्ष्यांची गणती अशा नोंदी संशोधक वर्षानुवर्षे करीत राहिले. किहीमच्या खोप्यांसमोर बसण्याची जी रीत सलीम अलींनी घालून दिली होती, तीच ही रीत होती. फक्त आता एका पक्ष्याऐवजी संपूर्ण पाणथळ डोळ्यांसमोर होती. बंदीनंतर चित्र बदलू लागले. पॅस्पॅलम नावाचे पाणगवत, जे म्हशी खाऊन आणि तुडवून आटोक्यात ठेवत, ते मोकाट वाढले. उघडे पाणी कमी झाले, माशांवर परिणाम झाला आणि ज्यांच्यासाठी बंदी घातली होती, त्या पाणपक्ष्यांची संख्या घटू लागली. म्हैस ही त्या परिसंस्थेतील उपरी नव्हती. बांध घालणाऱ्या माणसाबरोबर तीही त्या पाण्याची घडण करीत आली होती.

सलीम अलींच्या चाहत्यांना हा भाग अवघड वाटतो आणि काही चरित्रांत तो गाळलेलाही दिसतो. टीकाकार दुसऱ्या टोकाला जाऊन केवळ याच भागावरून त्यांना जोखतात. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. बंदीचा आग्रह आधी धरला गेला आणि निरीक्षण नंतर पुरे झाले, हा क्रम चुकला होता. त्याची किंमत गावकऱ्यांनी मोजली. परंतु ती चूक सिद्ध करणारा पुरावा गोळा केला तो सलीम अलींच्याच संस्थेने, त्यांच्याच शिस्तीत वाढलेल्या संशोधकांनी, आणि तो दडवला नाही.

२० जून १९८७ रोजी मुंबईत सलीम अलींचे निधन झाले. भरतपूरच्या दहा वर्षांच्या अभ्यासाचा अंतिम अहवाल त्यानंतर काही वर्षांनी पूर्ण झाला. त्यात म्हशींच्या चराईची उपयुक्तता स्पष्टपणे नोंदवलेली होती. उद्यानाच्या नियमांमुळे गुरे परत आत येऊ शकली नाहीत. मात्र पुढे भोवतालच्या गावकऱ्यांना विळे घेऊन आत जाण्याची आणि पाण्यातले गवत कापून, भारे बांधून घरच्या म्हशींसाठी नेण्याची मुभा मिळाली.