कंत्राटदार जोतीराव

काळाचौकीच्या आमच्या चाळीत बाबांना सगळे कंत्राटदार म्हणतात. ऐकायला भारी वाटतं! प्रत्यक्षात चार गवंडी, सहा बिगारी आणि अडकलेल्या बिलांची एक जाडजूड फाईल. गेल्या सुट्टीत बाबांनी सहज विचारलं, साहेब झालास की तूही टक्के मागणार का रे? मी गप्प बसलो.

होस्टेलवर परतल्यावर महात्मा फुल्यांचं चरित्र वाचलं. 1827 सालचा जन्म, 1848 ची मुलींची शाळा, 1873 चा सत्यशोधक समाज, हे आपण शाळेत घोकलंय. पण मित्रांनो, जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, हे किती जणांना ठाऊक आहे? पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीमार्फत ते कामं घेत. 1870 च्या दशकात खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं. मजुरांचं जगणं तिथे त्यांनी जवळून पाहिलं.

आणि पाहिली ती इंजिनिअर खात्यातली लूट. गोरा साहेब हाताखालच्या ब्राह्मण कामगारांवर विसंबायचा आणि त्या फटीतून पैसा झिरपायचा, असं त्यांचं निरीक्षण. त्यावर त्यांनी चक्क पवाडा रचला! ज्या खात्याकडून बिल यायचं, त्याच खात्यावर. धंदेवाल्या माणसाला हे किती महागात पडू शकतं, ते बाबांना विचारा.

1876 पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. म्हणजे नियम सोसणारा माणूस नियम करणाऱ्यांच्या रांगेत बसला. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर ताली, बंधारे, तलाव बांधून पाणी जमिनीत कसं मुरवावं, हेही त्यांनी सुचवलं. आपला सिव्हिलचाच विषय की हा!

कमावलेला पैसा समाजकार्यात गेला. 11 मे 1888 ला आमच्याच मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात, लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने लिहीत राहिले. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले.

छोटा कंत्राटदार वाढतो कशावर? खरं मोजमाप आणि वेळेवर बिल, बस्स. उद्या मेजरमेंट बुक आपल्या हातात येणार आहे. सही करताना समोर उभा असलेला माणूस कुणाचा तरी बाप असेल. बाबांना उत्तर मी या दिवाळीत देणार आहे. तुमचं काय?