ख्वाजा अहमद अब्बास : आपल्या कथेसाठी दिग्दर्शक झालेले लेखक

खारघरमध्ये नव्या इमारतींच्या कामाजवळ सिमेंटचे मोठमोठे पाईप पडलेले दिसतात. ते पाहिले की आम्हाला ‘शहर और सपना’ हा चित्रपट आठवतो. त्यातलं गरीब जोडपं मुंबईत घर मिळत नाही म्हणून अशाच पाईपात संसार मांडतं. ही कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, आणि दिग्दर्शनही त्यांचंच.

अब्बास साहेबांचा जन्म ७ जून १९१४ रोजी पानिपतला झाला. थोर उर्दू शायर मौलाना हाली हे त्यांचे आईकडून पणजोबा. अलीगढहून बीए आणि वकिलीची तालीम घेऊन ते मुंबईत आले, पण वकिली न करता ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकार झाले. पुढे ‘इन्किलाब’सारखी कादंबरी लिहिली, कथा लिहिल्या.

१९४१ साली त्यांच्या कथेवर ‘नया संसार’ हा चित्रपट आला. पण नंतर दुसऱ्यांच्या हातात गेलेल्या कथा पडद्यावर येईपर्यंत बदलून जात, हे त्यांना सहन होईना. मग दिग्दर्शन स्वतःच करायचं ठरवलं. पहिला चित्रपट ‘धरती के लाल’ (१९४६), बंगालच्या दुष्काळावरचा. त्याचं काही चित्रीकरण आपल्या धुळ्याकडे झालं आणि तिथले शेतकरी त्यात उतरले.

राज कपूरसाठी लिहिलेले ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ तुफान चालले. तेवढ्यावर थांबले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं. पण त्यांनी कमाई स्वतःच्या चित्रपटांत घातली आणि ते बहुतेक चालले नाहीत. १९६३ च्या ‘शहर और सपना’त मोठे स्टार नव्हते, तरी त्याला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. १९६९ साली गोवा मुक्तीवरच्या ‘सात हिंदुस्तानी’त त्यांनी अमिताभ बच्चन या नवख्या तरुणाला काम दिलं.

१ जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. ‘ब्लिट्झ’मधलं त्यांचं सदर शेवटपर्यंत चालू होतं.

आमच्या वर्गातली मुलं ‘आवारा’चं गाणं गुणगुणतात, पण तो लिहिणाऱ्याचं नाव त्यांना माहीत नसतं. सुट्टीत सगळ्या घराने मिळून ‘शहर और सपना’ जरूर पाहावा. भाड्याच्या घरासाठी ज्यांनी वणवण केली आहे, त्यांना तो आपलाच वाटेल.