ख्रिस्तजन्माचे चित्र आपल्या मातीत रेखाटणारा कलावंत : अँजेलो दा फोन्सेका



आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणण्याची तयारी सुरू होते. यंदा आपल्या युवकांनी गाण्यांची पुस्तिका नव्याने छापायचे मनावर घेतले आहे. जुनी पुस्तिका हाताळून फाटली, पाने सुटली. गाणी कोणती घ्यावीत यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो मुखपृष्ठावर कोणते चित्र असावे यावर. बर्फ, सूचीपर्णी झाडे आणि घंटा असलेले नेहमीचे चित्र घ्यावे, की आपल्याकडच्या गोठ्याचे? हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. या प्रश्नापायी एका थोर कॅथलिक चित्रकाराला आपला प्रांत सोडावा लागला होता. त्यांची ओळख आज करून द्यावी असे आम्हांस वाटते.

अँजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतो इस्तेव्ह या बेटावरच्या गावी, एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. चर्चमधील मूर्ती, वेद्या, चित्रे हे सर्व युरोपीय धाटणीचे होते. केवळ कलाच नव्हे, तर पोशाख आणि रीतिरिवाज यांवरही धर्मांतरानंतर बंधने आली होती. १७३६ साली धर्मचौकशीच्या न्यायसभेने काढलेल्या हुकमात तर स्थानिक वेष आणि लग्नकार्यातील देशी गाणी यांनाही मनाई केली होती. अशा वातावरणात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या समाजाला ख्रिस्ती असणे आणि युरोपीय दिसणे या दोन गोष्टी एकच वाटू लागल्या, यात नवल नाही.

तरुण अँजेलो यांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षणाला सुरुवात केली, पण त्यांचे मन त्यात रमले नाही. ते सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. तिथल्या पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणानेही त्यांचे समाधान होईना. भारतीय गुरूकडून भारतीय चित्रकला शिकावी, या ओढीने ते बंगालमध्ये शांतिनिकेतनला गेले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस या दोन महान कलावंतांचे शिष्यत्व त्यांना लाभले. अजिंठ्याच्या भिंती, राजपूत व मोगल लघुचित्रे यांतून स्फूर्ती घेणारी ती परंपरा होती. एका गोमंतकीय कॅथलिक तरुणाने ती आत्मसात केली आणि आपल्या श्रद्धेच्या सेवेला लावली.

१९३० च्या दशकाच्या आरंभी ते गोव्यात परतले. त्यांच्या चित्रांतील पवित्र मरिया साडी नेसलेली होती, अनवाणी होती, तिचा वर्ण आणि चेहरा आपल्या गावातील एखाद्या माउलीचा होता. योसेफ, देवदूत, मेंढपाळ हे सारे याच भूमीतले. ही चित्रे पाहून लोक नाराज झाले. साडी हा हिंदूंचा वेष, तो प्रभूच्या मातेला कसा चालेल, अशी टीका झाली. विरोध इतका वाढला की फोन्सेका यांना गोवा सोडावा लागला.

त्या टीकाकारांना आज हसणे सोपे आहे. पण त्यांची भीती आपण समजून घेतली पाहिजे. लहान समाजाला आपली ओळख जपावीशी वाटते. ज्या चित्रापुढे आजीने गुडघे टेकले, माळेची प्रार्थना म्हटली, मरणाच्या वेळी डोळे लावले, ते चित्र कोणी बदलू लागला की जणू श्रद्धेलाच हात लावल्यासारखे वाटते. फोन्सेका यांचे जुन्या चित्रांशी भांडण नव्हते. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. देवाचा शब्द खरोखर देह धारण करून आपल्यात राहिला, तर त्या देहाला कोणत्या ना कोणत्या मातीचा रंग असणारच. इटलीच्या चित्रकारांनी मरियेला इटलीची लेक केले, फ्लँडर्सच्या चित्रकारांनी आपल्याकडची. पॅलेस्टाईनचा पोशाख दोघांनीही काढला नाही. मग भारतीय चित्रकाराने तेच केले तर तो दोष कसा ठरावा?

गोवा सोडून ते पुण्याला आले आणि शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहू लागले. हा आश्रम ज्या संघाचा, तो संघ जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली स्थापन केला होता. भारतीय साधे राहणीमान आणि भारतीय पद्धतीची उपासना ही त्याची वैशिष्ट्ये. एका कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमाने आसरा द्यावा, हे त्या काळात सहज घडणारे नव्हते. फोन्सेका कॅथलिकच राहिले आणि आश्रमाने त्यांना तसेच राहू दिले. ख्रिस्ती ऐक्याचा उच्चार पुढे मोठ्या सभांतून झाला. इथे तो आधीच एका छपराखाली नांदत होता.

या विन्स्लो यांचा एक धागा आपल्या नागपूरपर्यंत येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता आणि टिळकांचे चरित्रही त्यांनी लिहिले. टिळक काही काळ नागपुरात राहिले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकिकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मराठी ख्रिस्ती गीतांना अभंग-ओवीचा गोडवा लाभला. त्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले होते. त्यात प्रभूच्या जन्माची कथा मराठी ओवीत गायिली आहे. म्हणजे आमचे गाणे केव्हाच मराठी झाले होते. डोळ्यांपुढचे चित्र तेवढे परदेशी राहिले होते. ती उणीव भरून काढण्यासाठी फोन्सेका आयुष्यभर झटले.

पुण्याच्या आश्रमात त्यांनी शेकडो चित्रे काढली, बहुतेक जलरंगात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास या येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांच्या कलेची किंमत ओळखली आणि त्यांना सतत उत्तेजन दिले. १९५१ साली त्यांचा आयव्ही मेनेझिस यांच्याशी विवाह झाला. पुढच्या अनेक चित्रांतील मरियेच्या मुखावर आयव्हीबाईंची छाया दिसते, असे जाणकार सांगतात. पैसा आणि प्रसिद्धी यांनी त्यांच्याकडे पाठच फिरवली होती. १९६७ च्या डिसेंबर महिन्यात, नाताळ होऊन थोडेच दिवस झाले असता, पुण्यात मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच महासभेने या प्रश्नावर आपला विचार मांडला होता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. कोणतीही एक कलाशैली महासभेची स्वतःची नाही, प्रत्येक काळाच्या आणि प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला देवाच्या मंदिरात आदराचे स्थान आहे, असा त्यातील आशय आहे. ज्या गोव्यातून फोन्सेका यांना निघावे लागले, त्याच गोव्यात आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. आयव्हीबाईंनी जपून ठेवलेली चित्रे पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिली. चित्रे घरी परतली. चित्रकार मात्र ते पाहायला उरले नव्हते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या नागपूर धर्मप्रांताची उभारणी करणारे पहिले मिशनरी, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचा संघ, हे सव्हॉयच्या डोंगराळ मुलखातले. त्यांच्या गावी नाताळात खरोखरच बर्फ पडे. त्यांनी आपल्या घरचे चित्र प्रेमाने सोबत आणले आणि आपल्या पूर्वजांनी ते तितक्याच प्रेमाने भिंतीवर लावले. त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. पण सावनेरच्या नाताळात बर्फ नसतो. वेचणीला आलेला कापूस असतो, बागेत संत्री असतात, कोलार नदीवरून येणारी बोचरी थंडी असते, गोठ्यात कुटार असते आणि रात्री शेकोटीभोवती बसलेली माणसे असतात. प्रभू जन्मला तेव्हा पहिली बातमी रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना मिळाली. रात्रपाळी म्हणजे काय हे इथल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या कुटुंबांना सांगायला नको.

म्हणून आमची युवकांना विनंती आहे की, चित्र कुठून तरी उतरवून घेऊ नका. फोन्सेका यांचेही चित्र परवानगीवाचून छापू नका. आपल्यातल्याच मुलामुलींना काढू द्या. बारीक छटांपेक्षा ठळक रेघांचे चित्र काढा, म्हणजे झेरॉक्समध्ये ते काळे पडणार नाही. अक्षर मोठे ठेवा, कारण आजी-आजोबा ते बॅटरीच्या उजेडात वाचणार आहेत. एक गाणे शक्यतो एकाच पानावर बसवा, म्हणजे कडव्याच्या मध्येच पान उलटावे लागणार नाही. आणि चित्रातली मरिया कशी दिसावी असा प्रश्न पडला, तर रविवारी मिस्सेला येणाऱ्या, कडेवर मूल घेतलेल्या आपल्याच माउल्यांकडे एकदा पाहा.

ज्यांना जुने चित्र प्रिय आहे त्यांनीही मन दुखवून घेऊ नये. ते शेवटच्या पानावर जरूर घ्यावे. पण पुस्तिका उघडताच लहान मुलाला हे कळावे की, बेथलेहेमला जन्मलेला बाळ त्याच्याही घरी आला आहे.

प्रभू येशू आपणां सर्वांच्या घरांना आणि गाण्यांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू