‘अ‍ॅलर्जी’ला नाव देणारे डॉक्टर

‘अ‍ॅलर्जी आहे’ हे शब्द आता मुरबाड-शहापूरच्या खेड्यांतही सहज ऐकू येतात. अ‍ॅलर्जी हा शब्द घडवला व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी, १९०६ मध्ये.

पिर्के यांचा जन्म १८७४ चा. धर्मशास्त्र, तत्त्वज्ञान शिकून ते वैद्यकाकडे वळले. त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम टोचत. काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी व्हायची. पुन्हा टोचले की तोच त्रास त्याहून लवकर, कधी काही तासांतच. पिर्के आणि सहकारी बेला शिक यांनी हा फरक नेमका टिपला. शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती! रोगापासून वाचवणारी आठवणच कधी अंगावर उलटते, ही त्यांची खरी देणगी. १९०७ मध्ये त्यांनी क्षयाची त्वचा-चाचणी काढली. महायुद्धानंतर उपाशी मुलांच्या जेवणासाठी राबले. १९२९ मध्ये पती-पत्नींनी जीवन संपवले.

त्यांच्याच ऑस्ट्रियात, जर्मनी व स्वित्झर्लंडसह झालेली एक पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षातच गोठ्यात वावरलेल्या मुलांत दमा कमी आढळला. कशावर चिडायचे आणि काय सोसायचे, हे बाळाच्या प्रतिकारपेशी त्या वयात शिकत असतात. गोठ्यातले जंतू त्यांना मदत करत असावेत. म्हशाच्या यात्रेत बैल घेऊन येणाऱ्या घरांना गोठा नवा नाही. पण म्हणून बाळाला कच्चे दूध पाजू नये. नाळेला शेण तर मुळीच लावू नये. त्यातून धनुर्वात होतो.