मौनाची किंमत मोजणारा पियानोवादक

पियानोच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या, की कानाला खटकणारा ध्वनी उमटतो. इतर वादक जो टाळत, त्याच ध्वनीतून थेलोनियस मंक यांनी आपले संगीत उभारले. सुरांइतकेच मोल त्यांनी सुरांमधल्या शांततेलाही दिले.

नॉर्थ कॅरोलिनातील रॉकी माउंट येथे १० ऑक्टोबर १९१७ रोजी जन्मलेल्या मंक यांचे बालपण न्यूयॉर्कमध्ये गेले. १९४०च्या दशकाच्या प्रारंभी ते हार्लेममधील 'मिंटन्स प्लेहाउस'चे नेमणुकीचे पियानोवादक होते. तेथे रात्री रंगणाऱ्या मैफलींतून 'बीबॉप' ही जॅझची नवी शैली आकारास आली. कीर्ती मात्र प्रथम डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांना लाभली. 'ब्ल्यू नोट' कंपनीने १९४७ पासून मंक यांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. पण त्या फारशा खपल्या नाहीत. त्यांना वाजवताच येत नाही, असेही काही समीक्षकांचे मत होते.

१९५१ मध्ये पियानोवादक मित्र बड पॉवेल यांच्यासोबत मोटारीत बसलेले असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. मंक यांनी मित्राविरुद्ध तोंड उघडले नाही. त्यांना तुरुंगवास घडला आणि पोलिसांकडून मिळणारा वादनाचा परवानाही गेला. त्याविना न्यूयॉर्कमधील मद्यविक्री होणाऱ्या क्लबांत वाजवणे अशक्य होते. उपजीविकेचे मुख्य साधनच हिरावले गेले. पत्नी नेली यांनी नोकरी करून संसार सावरला. याच काळात 'ब्रिलियंट कॉर्नर्स'सारखी अवघड रचना सिद्ध झाली. १९५६ मध्ये ती ध्वनिमुद्रित करताना निष्णात वादकांनाही एक सलग वादन साधले नाही. अखेर तुकडे जोडावे लागले.

१९५७ मध्ये परवाना परत मिळाला. 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यासह ते वाजवू लागले आणि श्रोत्यांची रीघ लागली. १९६४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. संगीत तेच होते. कान मात्र बदलले होते.

पुढे मानसिक आजाराने त्यांना ग्रासले. १९७०च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांनी मैफली थांबविल्या. स्नेही आणि आश्रयदात्या पॅनोनिका यांच्या न्यू जर्सीतील घरी पियानो होता. पण त्यांनी तो क्वचितच वाजवला. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. २००६ मध्ये त्यांना मरणोत्तर पुलित्झर सन्मान देण्यात आला. त्यांच्या सुमारे ७० रचना मागे राहिल्या. 'राउंड मिडनाइट' त्यांपैकीच एक. एकेकाळी सदोष ठरविलेले हे संगीत आज जॅझच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावेच लागते.